मनगटाच्या पुढे

सोनोग्राफी सेंटरच्या बाकांवर त्या सकाळी ज्ञानबा हा एकटाच पुरुष पेशंट होता. बाकी सगळ्या गरोदर बायका, आणि त्यांच्यासोबत आलेल्या सासवा किंवा आया. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशी मोठी पाटी भिंतीवर होती. त्या पाटीखाली ज्ञानबा डोक्याला पटका बांधून, डावा हात घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून, तो छातीशी धरून बसला होता.

सगळ्याजणी पाणी पितात हे पाहून त्याच्या बायकोने, मायाक्काने, त्यालाही बाटली भरून दिली होती.

"प्या की. समदी पित्यात म्हंजी हितला नियमच असंल."

"हाताच्या तपासणीला पाणी कशाला गं?"

"शीर फुगाय नको व्हय? वाळक्या शिरंत काय दिसंल त्यास्नी?"

ज्ञानबाने बाटली संपवली. मायाक्काने ती पुन्हा भरून आणली.

समोरच्या बाकावर अक्कलकोटकडून सुनेला घेऊन आलेली सिद्धम्मा नावाची म्हातारी बराच वेळ हे बघत होती. शेवटी तिला राहवले नाही.

"का हो मामा, तुमाला कितवा महिना?"

बाकांवर हशा पिकला. ज्ञानबाने मान खाली घातली. मायाक्का मात्र मेंढरांमागे रानोमाळ फिरलेली बाई होती, ती कुणाला ऐकणारी नव्हती.

"जुळं हाय म्हनं बाई," ती म्हणाली. "दोनीबी बोटं हायती. ऱ्हात्यात का जात्यात, ते आज कळंल."

सिद्धम्माचे हसू थांबले. तिने पदर सावरला आणि ज्ञानबाच्या गुंडाळलेल्या हाताकडे पाहिले. मग सुनेला सरकायला सांगून मायाक्काला शेजारी बसवून घेतले. "ऱ्हातंय बघ," ती हळूच म्हणाली. "मॅडम आमच्या मैंदर्गीची हाय. तिची नजर लई बारीक."

खरोखरच आज कळणार होते. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट कापायचे की वाचवायचे, हे डॉ. जगदेवी हत्तुरे यांच्या तपासणीवर ठरणार होते. तपासणीत काही निघाले नाही, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही बोटे काढायची, असे सर्जनने सांगितले होते.

ज्ञानबाची वस्ती सांगोला तालुक्यात. मेंढरे, थोड्या शेळ्या, आणि पाऊस झाला तर बाजरी. याखेरीज तो ढोल्या होता. वस्तीवरच्या गजी मंडळाचा, म्हणजे धनगरी ढोल-नाचाच्या मंडळाचा, मुख्य ढोल त्याच्या गळ्यात असे. उजव्या हातातल्या काठीने एक बाजू वाजवायची आणि डाव्या पंजाने दुसरी. बाप वाजवायचा, बापानंतर तो. बिरोबाच्या जत्रेत त्याची पहिली थाप पडल्याशिवाय गजी नाचणारे पाय उचलत नसत.

मंडळात एक रीत होती. ढोलाला नवे कातडे चढवले की ते ताठ असते, आवाज दबलेला येतो. ते मोकळे करायचे काम सगळ्यांत जाणत्या ढोल्याचे. त्यात बोटे लावायची नाहीत. पंजाच्या बुडाने, करंगळीखालच्या मांसल भागाने, कडेकडेने ठोकत जायचे, कातडे बोलू लागेपर्यंत. या वर्षी जत्रेआधी मंडळाच्या सगळ्याच ढोलांना नवी कातडी चढली, आणि ती सगळी ज्ञानबाने एकट्याने बोलती केली. नंतर गावोगावच्या जत्रा झाल्या.

जत्रा उरकता उरकता करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. मग ती गार पडली. मग शेजारचे बोट. तालुक्याच्या डॉक्टरकडे तो जत्रेहून तसाच गेला, तेव्हा दोन्ही हात भंडाऱ्याने कोपरापर्यंत पिवळे होते. डॉक्टरने बोटे दाबून पाहिली, पण त्या हळदीखाली कोणते नख पांढरे आणि कोणते निळे, ते कुणाला दिसणार? शिणवटा आहे, असे म्हणून त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. हळद उतरली तेव्हा नखे जांभळी झाली होती. करंगळीच्या टोकाला काळा ठिपका आला होता. ज्ञानबाला झोप लागेना. हात खाली सोडला की बरे वाटे, वर घेतला की बोटांत सुया टोचत.

मग एका मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरने पैरणीच्या खिशात तंबाखूची पुडी पाहिली आणि सांगितले, हा तंबाखूचा आजार आहे, बारीक शिरा बंद पडत जातात, त्याला जोडकाम चालत नाही. हाताची सोनोग्राफी करून घेतली. तिचा अहवाल आला, की खांद्यापासून मनगटापर्यंत रक्तप्रवाह उत्तम. म्हणजे मोठ्या शिरा ठीक, बारीक गेलेल्या. बोटे काढावी लागतील.

ज्ञानबाची मुलगी ऋतुजा सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगच्या विभागात होती. तिने फोनवर हे ऐकले आणि वडिलांना सोलापूरला आणले. रक्तवाहिन्यांचे सर्जन डॉ. नंदीश यांना दाखवले. ते कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले आणि विचारले,

"काम काय करता?"

"मेंढरं."

"जास्त काम कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"डाव्या हाताला कधी मार लागला होता?"

"न्हाय."

ऋतुजा तेव्हा औषधांच्या खिडकीशी होती. मायाक्का बाहेर होती. ज्ञानबाच्या हिशेबाने तिन्ही उत्तरे खरी होती.

डॉ. नंदीश यांनी जुना अहवाल दोनदा वाचला. "हा मनगटाशी थांबलाय," ते म्हणाले. "दुखणं मनगटाच्या पुढे आहे. मला तळहात बघायचाय." त्यांनी हत्तुरे मॅडमना फोन लावला. ज्ञानबाला त्यांनी स्वच्छ सांगितले, की तळहातात जोडण्यासारखे काही सापडले तर जोडू. नाही सापडले तर उद्याची शस्त्रक्रिया कापण्याची होईल, कारण काळे वर सरकू द्यायचे नाही.

आतून नाव पुकारले गेले तेव्हा ज्ञानबा दुसरी बाटली संपवत होता. मायाक्का आणि ऋतुजाही त्याच्यासोबत आत गेल्या.

खोलीत अंधार होता आणि एसीचा गारठा. हत्तुरे मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी घोंगडीचा तुकडा सोडून बोटांना हात लावला आणि पहिल्यांदा एसी बंद करायला सांगितला.

"गारठ्यात शिरा आणखी आकसतात. मग मी काय बघणार? बसा. हात उशीवर ठेवा. किती गार हो हा हात."

जेलची बाटली त्यांनी गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवली. ती कोमट होईपर्यंत सगळे थांबले. ज्ञानबा चुळबुळ करू लागला.

"दुखतंय का?"

"न्हाय."

"मग हलू नका."

"त्यांनी पाणी पिलंय," मायाक्का म्हणाली. "दोन बाटल्या."

"कशाला?"

"भाईर समद्या पीत हुत्या."

हत्तुरे मॅडमनी चष्मा खाली घेतला, नवऱ्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. "अहो बाई, ते पोटाच्या तपासणीला. जा मामा, जाऊन या आधी. डाव्या हाताला बाथरूम आहे." ऋतुजाने ओढणी तोंडात धरली.

ज्ञानबा परत आला तोवर जेल कोमट झाली होती. मॅडमनी आधी उजवा हात घेतला. हॉकीच्या काठीसारखा वाकलेला, बोटाएवढा प्रोब मनगटावर टेकवला आणि हळूहळू तळहाताकडे सरकवत नेला. पडद्यावर करड्या रंगात लाल-निळ्या रेघा उमटल्या.

"अगं बाई, निळं," मायाक्का पुटपुटली. "ईख चढलंय."

"विष नाही ते. रक्त यंत्राकडं येत असेल तर लाल, लांब जात असेल तर निळं. एवढंच. हा हात चांगलाय, घाबरू नका." मग त्यांनी एक कळ दाबली. "आता आवाज ऐका. रक्त वाहतं त्याचा."

पेटीतून आवाज आला. एक ठसठशीत थाप, तिच्या मागे दोन हलक्या. पुन्हा थाप, पुन्हा दोन हलक्या.

ज्ञानबाने मान वर केली. तोवर तो पडद्याकडे बघतही नव्हता.

मॅडमनी दोन्ही पायांच्या शिराही पाहून घेतल्या. तिथेही तीच थाप, तेच मागचे दोन ठोके. "तंबाखूचा आजार म्हणतात ना," त्या ऋतुजाला म्हणाल्या. "तो असता तर पायाला काहीतरी दिसायला हवं होतं. इथं सगळं लख्ख आहे." मग त्यांनी डावा हात उशीवर घेतला.

मनगटापाशी आवाज चांगला होता. जुना अहवाल चुकीचा नव्हता, फक्त तो तिथेच संपला होता. प्रोब पुढे सरकला. करंगळीच्या बाजूने तळहाताच्या बुडाशी आला. तिथे आकड्यासारखे एक छोटे हाड असते, आणि बोटांकडे जाणारी मोठी शीर त्याच्या शेजारून, कातडीच्या अगदी जवळून जाते. तिथे थापेचा आवाज बदलला. ती पसरली, घुरघुरू लागली. मागचे दोन ठोके नाहीसे झाले. प्रोब थोडा आणखी पुढे गेला आणि आवाज बंद झाला.

खोलीत एक बारीक टकटक ऐकू येत होती. हत्तुरे मॅडमनी खाली पाहिले. ज्ञानबाच्या उजव्या हाताची बोटे खाटेच्या कडेवर थाप देत होती. एक ठसठशीत, दोन हलक्या. आवाज जिथे तुटला होता तिथून पुढचा ताल ती भरून काढत होती.

"मामा, तुम्ही काय वाजवता?"

बोटे थांबली. ज्ञानबाने हात मांडीखाली घेतला.

"काय न्हाय."

"ढोल," मायाक्का म्हणाली.

"गप की गं!"

"का गप? बोटं जायला लागली तरी गपच बसू व्हय?"

हत्तुरे मॅडमनी डावा तळहात दिव्याकडे उलटा केला. करंगळीखालच्या मांसल भागाची कातडी म्हशीच्या चामड्यासारखी घट्ट झाली होती. उजव्या हाताला तसे काही नव्हते.

"या हातानं वाजवता?"

ज्ञानबाने तळहात मिटून घेतला.

"ढोल तुम्ही डाव्या पंजानं वाजवता, आणि हे तुम्ही सर्जनना सांगितलं नाही. का?"

"त्यांनी काम इचारलं," ज्ञानबा म्हणाला. "ढोल काय काम न्हाय. त्येचं आमी पैकं घेत न्हाय. देवाची चाकरी हाय ती."

"आणि मार लागला का विचारलं तेव्हा?"

"देवाच्या ढोलानं मार लागतुय व्हय?" त्याचा आवाज चढला. मग उतरला. "मॅडम, आमच्या बापजाद्यांनी वाजवला. देवाच्या चाकरीनं हात गेला असं माज्या तोंडातनं निगालं, तर वस्तीवर काय तोंड दावू? त्यापरीस तंबाखूनं गेला म्हनू द्या की."

ऋतुजा आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "आबा, उद्या दोन बोटं कापणार आहेत. तुमी देवाची अब्रू राखताय?"

"तुला न्हाय कळायचं पोरी."

"मला कळतंय. तुमी बिरोबाला इचारलं का, तुझ्यापायी बोटं देऊ का म्हणून? त्यानं मागितली का?"

हत्तुरे मॅडमनी पडदा त्याच्याकडे वळवला आणि बोट टेकवले.

"इकडं बघा. ही तुमची शीर. इथवर सरळ येते. इथं हाडापाशी ती फुग्यासारखी फुगलीय, बघा, द्राक्षाएवढी. भिंत झिजलीय. आत गुठळी साठलीय, हे करडं दिसतंय ते. त्या गुठळीचे कण सुटून बोटांत जाऊन अडकतात. म्हणून बोटं गार. तंबाखूचा आजार असा एका हातात एका जागी ठाण मांडून बसत नाही. हे ठोकून ठोकून झालेलं आहे. सुतारांना होतं, हातानं ठोकणाऱ्या मेकॅनिकांना होतं. त्यात देवाचा काही संबंध नाही, हाडाचा आहे. हाड कडक, शीर मऊ, आणि मध्ये कातडीशिवाय काही नाही."

"कापावं लागंल का?" मायाक्काने विचारले.

"तेच सांगते. तंबाखूचा आजार असता तर जोडायला काही उरलं नसतं. इथं फुगा आहे, पण त्याच्या पुढची शीर मोकळी आहे. बारीक आहे, पण आहे." त्यांनी प्रोब आणखी पुढे नेला. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग अगदी हलकी, लांबून आल्यासारखी एक थाप. मॅडमनी श्वास सोडला. "ही बघा. आजूबाजूनं वळसा घालून रक्त येतंय इथं. म्हणजे फुगा काढून दोन्ही टोकं जोडता येतील. पण सर्जनना कारण नक्की कळायला हवं, नाहीतर ते जोडायचं धाडस करणार नाहीत. मी अहवालात लिहू का नको?"

ज्ञानबाने पडद्याकडे पाहिले.

"काय लिवनार?"

"तळहातावर वारंवार आघात."

"ढोल न्हाय लिवनार?"

"माझ्या कागदावर ना ढोलाला जागा आहे ना देवाला. आघात लिहायचा असतो. तो कशाचा, ते तुम्ही सर्जनना तोंडानं सांगा."

"सांगतो," ज्ञानबा म्हणाला.

मॅडमनी दंडावरूनही प्रोब फिरवून पाहिला आणि तिथेच फोन लावला. "सर, मनगटाच्या पुढे सापडलं. हो, हाडापाशी. पुढची मोकळी आहे. कापू नका. दंडाची एक शीर पण बघून ठेवलीय, जोडायला चांगली आहे." बोलता बोलता त्यांनी पेन घेऊन ज्ञानबाच्या तळहातावर एक फुली मारली आणि दंडावर एक रेघ ओढली.

त्या दुपारी ज्ञानबाने डॉ. नंदीश यांना ढोलाबद्दल सांगितले. नवी कातडी बोलती करण्याचेही सांगितले, आणि ते कसे करतात हे टेबलावर करून दाखवायला हात उचलला, तेव्हा सर्जननी तो वरच्या वर धरला.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. फुगलेला तुकडा काढला, दंडातली शीर तिथे बसवली. मायाक्का बाहेर पायरीवर बसून होती आणि ऋतुजा कारखान्यातून सुट्टी काढून तिच्याजवळ. डॉ. नंदीश बाहेर आले आणि म्हणाले, "बोटं गरम झालीत." एवढेच. मायाक्काने त्यांच्या पायाला हात लावायला वाकायच्या आत ते मागे सरकले. "माझं शिवणकाम, बाई. कुठं फाटलंय ते हत्तुरे मॅडमनी दाखवलं. पाया पडायचं तर तिकडं पडा."

करंगळीचे टोक आधीच मेले होते. ते पुढे वाळून नखासकट गळाले. बाकी करंगळी राहिली, शेजारचे बोट पूर्ण राहिले. ज्ञानबाला खूप दिवसांनी पाठ टेकून झोप लागली. जागा झाला तर पहिल्यांदा तो डावा हात गालाला लावून बघायचा. मायाक्का म्हणायची, "गाय चाटती तसं कितींदा बगशीला?"

डॉ. नंदीश यांनी दोन गोष्टींची ताकीद दिली होती. तंबाखू बंद, आणि डाव्या पंजाने काहीही ठोकायचे नाही, कधीच नाही. तंबाखू सोडायला ज्ञानबाला त्रास झाला. ढोल सोडायला जास्त झाला. वस्तीवर परतल्यावर तो मायाक्कासोबत बिरोबाला गेला. मायाक्काने भंडारा वाहिला आणि देवाला सरळ सांगितले, "बोटं ठिवलीस, उपकार झाले. ढोल दुसऱ्याच्या गळ्यात घाल." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "झालं. चला. मेंढरं सोडायची हायती."

ढोल जोतिरामाच्या गळ्यात गेला. तो ज्ञानबाचा पुतण्या, धिप्पाड आणि उत्साही. ज्ञानबा झांजा घेऊन बाजूला उभा राहू लागला. पहिल्या दिवशी त्याचे डोळे भरले, हे सगळ्यांनी पाहिले. त्याने मंडळाला एकच गोष्ट सांगितली. नवे कातडे पंजाने बोलते करायचे नाही. लाकडी मोगरीला फडके गुंडाळून करायचे. जुन्या माणसांनी कुरकूर केली, असे कधी झाले नाही म्हणाले. ज्ञानबाने तळहात उघडून टाके दाखवले. कुरकूर थांबली.

पुढच्या तपासणीसाठी तो सोलापूरला आला, तेव्हा सर्जनकडून निघून तो मायाक्कासोबत सोनोग्राफी सेंटरला गेला. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी मागितली.

"माजी चिठ्ठी न्हाय," ज्ञानबा म्हणाला.

"मग कसली तपासणी करायचीय?"

"तपासणी न्हाय करायची. मॅडमना भेटायचंय."

"काही तक्रार आहे का?"

"न्हाय, न्हाय. बरं वाटतंय."

मुलीला काय करावे कळेना. बरं वाटतंय म्हणून इथे कुणी येत नसे. लोक येत, पोट किंवा गळा किंवा हात दाखवत, अहवाल घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जात, आणि पुढे त्यांचे काय झाले ते या खोलीत कधीच परत येत नसे. तिने आत जाऊन विचारले आणि त्यांना सोडले.

हत्तुरे मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख दिसली नाही.

"माफ करा, मला चेहरे आठवत नाहीत. अंधारात काम. काय तपासलं होतं मी तुमचं?"

ज्ञानबाने डावा हात पुढे केला.

"अरे!" मॅडमनी दोन्ही हातांत तो हात घेतला. दिवा लावला. टाक्यांची रेघ पाहिली, करंगळीचे आखूड झालेले टोक पाहिले. शेजारच्या बोटाचे नख दाबले. ते पांढरे पडले आणि सोडताच गुलाबी झाले. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. "बघा की, कसं भराभर येतंय. छान. फारच छान."

ज्ञानबा काहीतरी बोलायला उभा होता. त्याचे ओठ हलले. शब्द निघेना.

"सांगोल्यापास्नं एसटीत लई ठरवत आले हुते," मायाक्का म्हणाली. "तुमी माजी बोटं दिली, तुमी अशा, तुमी तशा. मी म्हनलं समदं नीट बोला. आता बगा, मेंढरू झालंय." तिने पिशवीतून फडक्यात बांधलेले पुडके काढून टेबलावर ठेवले. "हुलगं हायती. आमच्याच रानातलं. माडगं करून प्या."

"हुरळी!" मॅडम म्हणाल्या. "आमच्या मैंदर्गीत हुरळी म्हणतात. आई सार करायची याचं." त्यांनी पुडके उघडून मूठभर दाणे हातात घेतले, वास घेतला. "मी असं काही घेत नाही हं. पण हे घेते. मी वीस वर्षं हे यंत्र चालवतेय. पुढं काय झालं, हे सांगायला कुणी येत नाही."

"न्हाय यायला काय झालं?" ज्ञानबाला अखेर वाचा फुटली. "डॉक्टरांनी शिवलं, त्येंचे उपकार हायती. पर त्यांनी कुटं शिवायचं, ते तुमी दावलं. माजा हात समद्यांनी मनगटापर्यंतच बगितला हुता. तुमी पुढं गेला. आनि..." तो थांबला. "आनि मी खोटं बोलत असताना तुमी हात सोडला न्हाय."

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

"ढोल?" मग त्यांनी विचारले.

"जोतिराम वाजवतुय. वाजवतुय कशाचा, दार ठोकल्यागत करतुय. शिकंल. मोगरीनं कातडं बोलतं करायला लावलंय त्येला."

"बाकीच्यांचं काय? तुमच्या मंडळात आणखी जुने वाजवणारे असतील. त्यांची बोटं कशी आहेत?"

ज्ञानबाने मायाक्काकडे पाहिले. मायाक्काने दाराकडे मान केली.

"त्येच सांगायचं हुतं," तो म्हणाला. "भाईर महिपती बसलाय. माज्या बापाच्या वक्ताचा ढोल्या. त्येचीबी करंगळी गार पडतीया. बोलत न्हवता. म्या हात दावला तवा बोलला. नंदीश डॉक्टरांची चिठ्ठी आनलीय त्येची. पर मॅडम, तुमी काम इचारलं तर त्यो मेंढरंच सांगंल."

"मग काम नाही विचारत. आणा त्यांना आत."

महिपती आत आला. सत्तरीचा, वाळलेला, उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवलेला. तो डावखुरा, ढोलाची काठी डाव्या हातात धरायचा आणि पंजा उजवा मारायचा. एसी बंद झाला. जेलची बाटली गरम पाण्यात गेली. महिपती खाटेवर बसला, पण हात सोग्यातून काढेना.

"दुखंल का?" त्याने ज्ञानबाला विचारले.

"न्हाय. गुदगुल्या व्हत्यात जरा."

"मॅडमना समदं सांगायचं का?"

"समदं. ढोलाचंबी."

"देव कोपंल की रं."

"माज्यावर कोपला का?"

महिपतीने सोग्यातून हात हळूच बाहेर काढला. ज्ञानबाने तो आपल्या डाव्या हातात घेतला आणि उशीवर नेऊन ठेवला. लगेच सोडला नाही. म्हाताऱ्याने खाली पाहिले, ज्ञानबाची बोटे आपल्या बोटांवर तशीच राहू दिली.

"तुजा हात गरम हाय की रं," तो म्हणाला.